शेंदूर खाल्लेली

आरतीला राग उशिरा यायचा. माहेरी तिची आई म्हणायची, "ह्या पोरीच्या अंगावर पाल पडली तर ही आधी पालीलाच विचारील, लागलं का गं?" लग्न होऊन ती महाळुंगे पडवळला गोरखच्या घरी आली, पोरगी झाली, पोरगी चालायला-बोलायला लागली, तोवर शेजाऱ्यांनी तिचा चढा आवाज कधी ऐकला नव्हता. म्हणून पुढं जे झालं त्याचं गावाला नवल वाटलं. काहींना ते अजून पटत नाही.

घरामागं गोठ्याला लागून पत्र्याचं शेड होतं. त्यात गोरख जुन्या बॅटऱ्या फोडायचा. धंदा त्याच्या चुलत्याचा, कुंडलिकतात्याचा. तात्याचं आळेफाट्यावर बॅटऱ्यांचं दुकान. फाट्यावर ट्रकांची रीघ, त्यामुळं खराब बॅटऱ्यांना तोटा नाही. त्या फोडायच्या, आतल्या प्लेटा कढईत वितळवायच्या, शिशाच्या विटा पाडायच्या आणि विकायच्या. आधी हे दुकानामागंच चालायचं. पण शेजारच्या हॉटेलवाल्यांनी धुराची ओरड केली, तेव्हा तात्यानं भट्टी उचलली आणि पुतण्याच्या परड्यात आणून मांडली. "घरच्या घरी काम, राव. अजून काय पायजे?" गोरखला ते पटलं. आरतीला कुणी विचारलं नाही.

भट्टी पेटली की पिवळसर धूर पत्र्याखालून निघून सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीत यायचा. राख आरतीच झाडायची. गोरखचे कपडे तीच धुवायची. पाणी काळंकरडं निघायचं. पहिल्या वर्षी गाईचं वासरू आंधळ्यासारखं गोल गोल फिरायला लागलं, भिंतीला डोकं लावून उभं राहिलं आणि तसंच मेलं. गुरांचा डॉक्टर म्हणाला, "काहीतरी चाटलंय." घरचे म्हणाले, नजर लागली.

मग आरतीचं पोट दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हे; आतडी कुणी पिळून वाळत घालतंय असं. शौचाला होईना, तोंडाला तांब्याचा पैसा धरल्यासारखी चव. आधी गॅसच्या गोळ्या झाल्या, मग जंताचं औषध, मग रक्त वाढायची इंजेक्शनं. भाकरी थापता थापता मनगट खाली पडायचं आणि भाकरी परातीतच फाटायची. सासू कुशाबाई म्हणायची, "आजकालच्या पोरींच्यात जीवच न्हाई." एका सकाळी नळावर हंडा भरताना आरतीला झटका आला. दातखीळ बसली, डोळे फिरले. तात्याची जीप दारात होती म्हणून फाट्यापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात वेळेत पोचली.

तिथल्या एका तरुण डॉक्टरनं तिचा ओठ वर उचलून हिरड्या बघितल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती. त्यानं रक्त पुण्याला पाठवलं. रक्तात शिसं निघालं, माणूस जगतो कसा असं वाटावं इतकं. मग त्यावरची इंजेक्शनं झाली आणि हळूहळू ती शुद्धीवर आली. घरी सोडताना डॉक्टर तिच्या उशाशी बसून म्हणाला, "ताई, पुन्हा असं करू नका. लहान लेकरू आहे तुम्हाला."

दुखणं अंगावर काढलं म्हणून डॉक्टर बोलतोय, असं आरतीला वाटलं. ती म्हणाली, "न्हाई करणार."

घरी आल्यावर बायका बघायला यायला लागल्या. बसायच्या, पण बोलायच्या नाहीत. शेजारची मंगल तिच्या तोंडाकडं टक लावून बसली होती. आरतीनं "चहा घे की गं," म्हटल्यावर तिच्या तोंडून निघून गेलं, "अगंबया, आवाज तर हाये की!"

"आवाजाला काय झालंय माझ्या?"

"काय न्हाई गं. म्हणत्यात ना, शेंदूर खाल्ला की आवाज जातो म्हणून." एवढं बोलून मंगलनं जीभ चावली, पदर सावरला आणि चहा तसाच ठेवून निघून गेली.

आरतीला काही उमगेना. दुसऱ्या दिवशी उमगलं. हवालदार मोटरसायकलवरून आला, खाटेवर बसला, पाणी प्याला. माणूस वाईट नव्हता. "घाबरू नका ताई. गुन्हा-बिन्हा काही नाही. हॉस्पिटलनं कळवलंय म्हणून जबाब घ्यायचा, एवढंच. मी लिहून आणलाय. सही करा, मिटलं."

आरती बारावी झालेली. तिनं कागद हातात घेतला. घरगुती कारणावरून रागाच्या भरात मी देवाचा शेंदूर खाल्ला, माझी कुणावर तक्रार नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली हॉस्पिटलच्या कागदाची झेरॉक्स जोडलेली. शिशाची विषबाधा. स्वतःहून.

तिनं ते पुन्हा वाचलं. "ह्ये कुणी सांगितलं?"

"हॉस्पिटलनं."

"हॉस्पिटलला कुणी सांगितलं? मी तर बेसुद व्हते."

"नातेवाईक होते ना बरोबर." हवालदारानं गोरखकडं बघितलं. गोरखनं गोठ्याकडं बघितलं.

आरतीनं कागद खाली ठेवला. "माझं मनगट चालत न्हाई, हवालदारसाहेब. सही हुयाची न्हाई आज."

तो "येतो पुन्हा" म्हणून गेला. मोटरसायकलचा आवाज वळणाआड गेल्यावर आरती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी शेंदूर खाल्ला?"

"अगं, डॉक्टर इचारत व्हते, शिसं पोटात गेलं कसं. तात्या म्हणले, घरात देवाचा शेंदूर असतोय, त्यात शिसं असतंय, खाल्ला असंल, थोडी बोलाचाली झाली व्हती. म्हणजे असंल म्हणले. नक्की न्हाई म्हणले."

"आन् तुमी?"

"मी काय, गप बसलो."

"भट्टी न्हाई सांगितली?"

"तात्या म्हणले, भट्टीचं नाव निघालं तर धंदा जाईल. तुझ्यावर गुन्हा तर हुणार नव्हता, आरते. तात्यांनी सगळं इचारून घ्येतलं व्हतं."

सगळं विचारून घेतलं होतं. माझ्या तोंडात विष घालायच्या आधी सगळं विचारून घेतलं होतं. आरतीच्या कानशिलातून काहीतरी गरम वर चढलं. हा राग आहे हे तिलाही पहिल्यांदा ओळखू आलं नाही. तिला वाटलं पुन्हा झटका येतोय.

आतून कुशाबाई बाहेर आली. ती बरेच दिवस सुनेशी धड बोलत नव्हती, तिच्या ताटात मात्र रोज तुपाची धार जास्त सोडायची. आता ती रडायलाच लागली. "आमी काय कमी क्येलं व्हतं गं तुला? मी ती शेंदराची वाटी सुदिक लपवून ठिवली, पुन्यांदा तुझ्या हाताला लागाया नको म्हणून."

"आत्याबाई," आरती म्हणाली, "वाटी लपवली तवा भरल्याली व्हती का रिकामी?"

कुशाबाई थांबली. पदरानं नाक पुसता पुसता तिनं आठवून बघितलं. "भरल्याली. अमुशालाच नवा आणला व्हता म्या."

"मग मी खाल्लं काय?"

कुशाबाईनं लेकाकडं बघितलं. गोरख उठून शेडात निघून गेला, आणि थोड्या वेळानं खिडकीतून धूर आत यायला लागला.

आरती त्याच दिवशी तात्याशी भांडली असती. पण त्या आठवड्यात समृद्धी, तिची पोरगी, पोट धरून बसायला लागली. चार वर्षांची पोर, दिवसभर परड्यात खेळायची, माती खायची. सगळीच पोरं खातात, म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. रात्री ती "आई, पोटात मुंगळा हाये" म्हणाली आणि आरतीच्या काळजात लख्ख उजेड पडला. तोच मुंगळा तिच्याही पोटात चावला होता.

सकाळी तिनं पोरीला कडेवर मारलं, कळंबला येऊन एसटी धरली आणि हॉस्पिटल गाठलं. तो तरुण डॉक्टर सुट्टीवर होता. त्याच्या जागी मोठे डॉक्टर बसले होते. आरती म्हणाली, "हिचं रक्त तपासा. शिशाचं. मला झालं तेच हिला झालंय."

डॉक्टरांनी तिचं नाव कॉम्प्युटरमध्ये घातलं, पडद्यावर आलेली ओळ वाचली आणि खुर्ची मागं रेलवली. "बाई, तुम्ही स्वतः खाल्लं होतंत. हा काही साथीचा आजार नाही, आईचा लेकराला व्हायला." मग त्यांची नजर बदलली. "का हिलाही दिलंत?"

ओपीडीत बरीच माणसं होती. पट्टी बांधलेला एक म्हातारा, दोन बाळंतिणी, सगळ्यांच्या माना वळल्या. आरतीनं समृद्धीचे कान आपल्या छातीशी दाबले. पोरीला ह्यातलं कळण्यासारखं काही नव्हतं, तरी दाबले.

"त्या डब्यात काय लिवलंय?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "माझं नाव घातल्याबरोबर काय आलं त्यात, ते मला वाचून दावा."

"ते तुम्हाला खाली रेकॉर्ड विभागात विचारावं लागेल."

"इचारते की."

रेकॉर्ड विभाग जिन्याखाली होता. फायलींनी भरलेली लोखंडी कपाटं, एक खिडकी, आणि टेबलामागं आरतीच्याच वयाची एक बाई. सिद्धी तिचं नाव. नारायणगावच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान असलेल्या जैन घरातली सून. सासऱ्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण सिद्धीचं बोलणं शेजारच्या वारूळवाडीच्या बायकांसारखंच. हॉस्पिटलातून घरी गेलेल्या प्रत्येक माणसाची फाइल तिच्याकडं यायची.

आरतीनं पोरीला टेबलावर बसवलं, फायलींच्या गठ्ठ्यावरच. "मी स्वतःहून इख खाल्लं, ह्ये तुमी लिवलंय?"

"ताई, खाली बसा. मुलीला उतरवा आधी."

"तुमी लिवलंय का न्हाई?"

सिद्धीनं नाव विचारलं, फाइल काढली, आणि ज्याला त्याला सांगायची सवय असलेल्या सुरात सांगायला लागली. प्रत्येक आजाराला एक नंबर असतो. डॉक्टर लिहितात, ती नंबर देते. तो नंबर सरकारकडं जातो, विम्याकडं जातो, आणि पुढच्या वेळी डॉक्टर नाव घालतात तेव्हा आधी तोच वर येतो. शिशाच्या विषबाधेचा नंबर वेगळा. पण तो एकटा चालत नाही. विष गेलं कसं, त्याचा दुसरा नंबर जोडावा लागतो. चुकून गेलं, स्वतःहून घेतलं, की नक्की माहीत नाही. तिन्हीचे तीन.

"आन् माझ्या फुडं कंचा?"

"स्वतःहून."

"डॉक्टरनं तसं लिवलंय? दावा."

सिद्धीनं नियमाप्रमाणं दाखवायला नको होतं. पण तिनं फाइल वळवली. तरुण डॉक्टरचं घाईतलं अक्षर. शेंदूर खाल्ला, नातेवाइकांच्या सांगण्यावरून. आणि ह्या सगळ्याच्या आधी, वाक्याच्या तोंडाशीच, डॉक्टर लोक काढतात तसं एक मोठं प्रश्नचिन्ह.

"ह्ये प्रश्नचिन्ह हाये."

"हो. पण प्रश्नचिन्हाला नंबर नसतो, ताई."

"आत्ताच तुमी बोलला, नक्की म्हाईत न्हाई ह्याला बी नंबर हाये."

सिद्धीनं फाइल मिटली. नियम तिला तोंडपाठ होता. कागदावरून कारण स्पष्ट होत नसेल तर स्वतःहून घेतलं असं धरायचं नाही, हे तिला पहिल्याच महिन्यात शिकवलेलं. "आपल्या भागात हे रोजचं आहे," ती शेवटी म्हणाली. "कांद्यावर मारायचं, द्राक्षावर मारायचं, जे हाताला लागेल ते बाया पितात. रोज एखादी फाइल असतेच. बाई आणि विष दिसलं की हात तिकडंच जातो. ध्यानात येत नाही."

"तुमच्या हाताच्या सवयीपायी माझ्या लेकीचं रक्त कुणी घिईना," आरती म्हणाली. ती ओरडत होती आणि तिला थांबायचं नव्हतं. "वर त्यो मोठा डॉक्टर मला इचारतोय, लेकीला बी दिलंस का म्हणून! साऱ्या ओपीडीफुडं! माझ्या घरामागं शिशाची भट्टी पेटतीय, बाई. आज बी पेटलीय. ती कुणाला दिसत न्हाई, कारण तुमी लिवून टाकलंय की मीच खाल्लं. मीच खाल्लं म्हटल्यावर कोण कशाला भट्टी बघाया जाईल?"

समृद्धी रडायला लागली. सिद्धीनं उठून तिला उचलून घेतलं. पोरीच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "भट्टीचं कुणीच सांगितलं नाही इथं."

"सांगणार कोण? भट्टीवालाच तर बोलत व्हता."

"चला वर."

सिद्धी पोरीला कडेवर घेऊन, दुसऱ्या हातात फाइल धरून जिना चढली. रांगेतल्या लोकांना बाजूला सारत ती सरळ मोठ्या डॉक्टरांच्या टेबलापाशी गेली. "सर, नंबर माझ्याकडून चुकलाय. ते नंतर बघू. मुलीचं रक्त आत्ता घ्या. ह्यांच्या घरामागं शिसं वितळवतात."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. कारकुनी करणाऱ्या बाईनं सगळ्यांसमोर असं बोलावं, हे त्यांना आवडलं नाही. पण त्यांनी चिठ्ठी लिहिली. सुई टोचताना समृद्धीनं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. आरतीनं तिला घट्ट धरलं आणि पहिल्यांदा स्वतःही रडली.

खाली आल्यावर सिद्धीनं पुढचं सांगितलं. नंबर तिला एकटीला बदलता येत नाही. डॉक्टरांनी फाइलला पुरवणी जोडली पाहिजे, आणि त्यासाठी त्यांना आधार लागेल. "पोलिसांच्या जबाबावर सही केलीत?"

"न्हाई क्येली."

"नशीब. ती केली असती तर पुढं बोलायला जागाच राहिली नसती."

आरतीनं एसटीच्या थांब्यावरूनच हवालदाराला फोन लावला. "सही करायची हाये. या उद्या."

तो आला, आणि तात्याही आला. त्याला गोरखनं कळवलं असणार. तात्या खुशीत होता. हवालदारासाठी त्यानं फाट्यावरून भेळ बांधून आणली होती. "झालं गेलं गंगेला मिळालं, सूनबाई. करून टाक सही."

"हितं नको," आरती म्हणाली. "हवालदारसाहेब, जरा मागं या."

ती पुढं आणि हवालदार मागं, असे ते गोठ्याला वळसा घालून शेडाशी गेले. भट्टी रसरसत होती. गोरख बनियनवर, तोंडाला रुमाल, हातात लांब दांड्याची पळी. कढईवरची मळी बाजूला सारत होता. त्याला वाटलं होतं सही ओसरीवरच होईल. भिंतीला फोडलेल्या बॅटऱ्यांची थप्पी, खाली राखेचा थर, आणि राखेत समृद्धीची प्लास्टिकची बादली.

"आता लिवा," आरती म्हणाली. "माझं नाव आरती गोरख. मी शेंदूर खाल्ला न्हाई. घरात बोलाचाली झाली न्हाई. ही भट्टी माझ्या चुलीपास्नं चार हातावर हाये. हिचा धूर मी खाल्ला, हिची राख मी झाडली. माझं वासरू ह्यानंच मेलं. माझी लेक दुखण्यानं रडतीय. लिवा."

तात्या धावत आला. "हवालदार, मनावर घिऊ नका. डॉक्टरच म्हणले व्हते, शिसं डोक्यात जातं म्हणून. बाई ठिकाणावर न्हाई."

"मी ठिकाणावरच हाये, तात्या. ठिकाण तुमी बदललं. फाट्यावरच्या हॉटेलवाल्यांचं नाक महाग, म्हणून भट्टी माझ्या चुलीपाशी आणली."

"अगं, तुझ्या नवऱ्याचं घर चालतंय ह्याच्यावर!"

"मी त्या दिवशी नळावर मेले असते, तर तुमी हेच लिवून मला जाळलं असतं," आरती म्हणाली. आता ती तात्याशी बोलत नव्हती. ती गोरखकडं बघत होती. "बायको शेंदूर खाऊन मेली. समृद्धी मोठी झाल्यावर तिला बी हेच सांगितलं असतं तुमी. तुझी आई तुला टाकून गेली."

हवालदाराचं पेन कागदावर थांबलं होतं. कुशाबाई कोपऱ्याशी येऊन उभी होती. ती तात्यापुढं आयुष्यात कधी बोलली नव्हती. धाकटी भावजय, डोक्यावरचा पदर ढळू न देणारी. ती म्हणाली, "वाटी भरल्याली व्हती. शेंदराची. मी बघितलीय. माझं बी लिवा."

"कुशाबाई, तुमी आत जावा," तात्या म्हणाला.

कुशाबाई गेली नाही.

हवालदारानं गोरखला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

गोरखनं पळी कढईच्या काठावर टेकवली. त्याचा हात कापत होता. बरेच महिने कापत होता. विडी शिलगावतानासुद्धा त्याला दोन्ही हात लागत. त्यानं तोंडावरचा रुमाल खाली ओढला. तात्याकडं बघितलं, राखेतल्या बादलीकडं बघितलं.

"न्हाई खाल्ला तिनं," तो म्हणाला. "तात्या बोलले, आन् मी न्हाई म्हणलो न्हाई."

इतकंच बोलला. आरतीला ते पुरलं नाही आणि ती तसं म्हणालीही नाही. तिनं नवा जबाब वाचला, एक ओळ दुरुस्त करायला लावली आणि लटपटत्या मनगटाला डाव्या हाताचा आधार देऊन सही केली.

त्या जबाबाची प्रत घेऊन ती पुन्हा जिन्याखाली गेली. सिद्धीनं तरुण डॉक्टरला गाठून ठेवलं होतं. त्यानं पुरवणी लिहिली, मान खाली घालून. "मी तुम्हाला शुद्धीवर आल्यावर विचारायला हवं होतं," तो म्हणाला. आरती म्हणाली, "व्हय, पायजे व्हतं." त्याचं मन राखायला ती आणखी काही बोलली नाही. सिद्धीनं तिच्यासमोर जुना नंबर काढला आणि दुसरा घातला.

समृद्धीच्या रक्तात शिसं निघालंच. आरतीइतकं नव्हतं, डॉक्टर म्हणाले, भरती करायची गरज नाही, पण पोरीला त्या मातीपासून आधी लांब न्या. आरतीनं तिला त्याच दिवशी माहेरी नेऊन ठेवलं. गोरखचंही रक्त तपासलं. त्याचा आकडा बायकोपेक्षा मोठा होता. सरकारी माणसं आली, परड्यातली माती पिशव्यांत भरून घेऊन गेली. पण त्याच्या आदल्या दिवशीच तात्यानं टेम्पो आणून भट्टी, कढई, थप्पी सगळं उचलून नेलं होतं. शेडात नुसती जळकी जमीन राहिली.

गावात दोन तट पडले. "ज्यानं पोसलं त्याच्यावरच उलटली," असं म्हणणारे जास्त होते. आणि नवा कागद झाला, नवा नंबर झाला, तरी चावडीवर कुणी नवख्यानं विचारलं, गोरखची बायको कोणती, तर उत्तर ठरलेलं असायचं: तीच की, शेंदूर खाल्लेली. कागद बदलता येतो. माणसांच्या तोंडाला पुरवणी कुठं जोडणार? आरतीला हे ऐकू यायचं आणि तिचे दात करकरायचे. गोरख आता मंचरला एका गोडाऊनवर जायचा. दोघं एका घरात राहायची, पण बोलणं कामापुरतं. तो कधी तरी विषय काढायला बघायचा. ती म्हणायची, "जेवा आधी." माफ करायला अजून तिला जमत नव्हतं, आणि आपल्याला जमलं पाहिजे असंही तिला वाटत नव्हतं.

कांदे काढणीला आले होते तेव्हा सिद्धीचा फोन आला. तिनं कुणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुम्हाला वेळ असेल तर आज हॉस्पिटलात येऊन जा. अपघात विभागात. तुमच्यासारखंच मनगट पडलेला एक माणूस आणलाय."

आरती हातातलं टाकून निघाली. अपघात विभागाच्या बाहेर बाकावर एक आदिवासी बाई बसली होती, पायात चप्पल नाही, मांडीवर रिकामी पिशवी. आत खाटेवर तिचा नवरा, पोटाशी पाय घेऊन. माणूस काळवंडलेला, एक हात मनगटातून लोंबत होता. आणि डॉक्टरच्या टेबलाशी, खुर्ची ओढून घेऊन बसलेला, कुंडलिकतात्या.

"पितो हो त्यो," तात्या सांगत होता. "जानकू नाव. आमच्याकडंच कामाला हाये, डोंगराच्या अंगाला वाडी हाये तिथला. रोजची हातभट्टी. पोट दुखणार नायतर काय?"

आरतीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भट्टी कुठं गेली ते तिला आता कळलं. तिनं ओरडायला तोंड उघडलं होतं, पण बाकावरची बाई आधी दिसली. ती तिच्याशेजारी बसली.

"नाव काय गं तुझं?"

"भागू."

"पितो का तुझा नवरा?"

"कधीमधी. सणाला." भागूनं आत बघितलं. "शेट म्हणतोय रोज पितो."

"मग सांग की डॉक्टरला, न्हाई पीत म्हणून."

"माजं कोण ऐकतंय, बाई?"

आरतीनं तिचा दंड धरून तिला उठवलं आणि दोघी आत गेल्या. टेबलावर तोच तरुण डॉक्टर होता. त्यानं आरतीला बघितलं, तात्याला बघितलं, आणि हातातलं पेन आपोआप खाली ठेवलं.

"ही त्याची बायको हाये," आरती म्हणाली. "आधी हिला इचारा. त्यो काय काम करतो, कुठं करतो, कवापास्नं पोट दुखतंय. मग काय लिवायचं ते लिवा. आन् त्याचं रक्त शिशासाठी पाठवा."

डॉक्टर उठला आणि भिंतीशी असलेलं स्टूल त्यानं भागूसाठी पुढं ओढलं. भागू स्टुलाच्या कडेला टेकली. आरतीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग भागू हळूहळू बोलायला लागली. बॅटऱ्या, कढई, धूर, घरात झोपतानाही अंगाला येणारा तो वास. डॉक्टर लिहायला लागला.

"डॉक्टर, तिला काय कळतंय?" तात्यानं मध्येच तोंड घातलं. "मी सांगतो ना तुमाला."

"तुमी गप ऱ्हावा," आरती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दारात आली. "तुमास्नी कुणी इचारलं न्हाई. भागू, तू बोल."